गुरुवारच्या चुका

मी, खाली सही करणारी, निवृत्त प्राध्यापिका, राहणार या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, पूर्वीचा धंदा: दिवसा विद्यापीठात भाषा आणि समाज हा विषय शिकवणे व संध्याकाळी मोठ्या माणसांना इंग्रजी बोलायला शिकवणे, आज पूर्ण शुद्धीत, कोणाच्या सांगण्यावरून वा दडपणाखाली नव्हे तर स्वतःच्या राजीखुशीने, माझ्या माघारी माझ्या चीजवस्तूंचे काय करावे ते लिहून ठेवते. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. दाखला देण्यापूर्वी त्यांनी मला आज वार कोणता असे विचारले. "गुरुवार नाही, एवढं नक्की," असे मी म्हणाले. त्यांचे पेन हवेतच थांबले. मग मी मंगळवार असल्याचे नीट सांगितले, तेव्हा त्यांनी सही केली. गुरुवारचा खुलासा पुढे येईल.

१. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. एकदा करायला बसले होते. "माझ्या पश्चात" एवढे लिहून झाल्यावर पुढे कोणाला घालावे ते सुचेना, म्हणून कागद ठेवून दिला. तेव्हा तो अर्धवट कागद कोठे सापडल्यास रद्द समजावा.

२. राहते घर, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि गॅलरी, माझ्या भाचीला द्यावे. ती माझ्या दिवंगत बहिणीची एकुलती मुलगी. परदेशात असते. दर रविवारी न चुकता फोन करते, माझ्या गुडघ्याची चौकशी करते, डॉक्टरांची करते, तिकडे थंडी किती आहे ते सांगते. माझा प्रबंध माणसे बोलणे कसे संपवतात या विषयावर होता, त्यामुळे तिचे "चल मग, मावशी" येणार हे मला बरेच आधी ऐकू येते. मग मीच म्हणते, "ठेव आता, तुझी कामं असतील." तिच्याविषयी माझी तक्रार नाही. तिला नोकरी आहे, लेकरू आहे, आणि मावशी ही काही आई नव्हे. घर तिने खुशाल विकावे. फक्त गॅलरीचे दार पावसाळ्यात फुगते हे गिऱ्हाइकाला आधीच सांगावे, नाहीतर नंतर तो माझ्या नावाने खडे फोडील.

३. बँकेतली शिल्लक, माझ्या शेवटच्या आजारपणाचा खर्च भागवून जी उरेल ती, गल्लीतल्या वाचनालयाला द्यावी. तिथे संध्याकाळी एक खोली रिकामी असते. ज्याला कोणती का भाषा होईना, शिकवायची आहे, त्याला ती मिळावी. भाचीला पैशांची गरज नाही हे तिनेच मला सांगितले आहे, आणि तिचा आवाज मी ओळखते. ती खरे बोलत होती.

४. कपाटातल्या कॅसेट आणि त्या वाजवायचे यंत्र. हीच माझी खरी कमाई. नोकरीची सगळी वर्षे मी लोकांचे बोलणे टिपत हिंडले: शिंप्याच्या दुकानात, दवाखान्याच्या बाकावर, बसथांब्यावर, जिन्यात. त्यातही दारातले बोलणे मला फार प्रिय. पाहुणे उठतात, चपला घालतात, "येतो" म्हणतात, आणि मग चौकटीला हात लावून उभे राहिले की जे सांगायला आले होते ते सांगतात. घरात बसून तासभर जे निघाले नाही ते दारात निघते. हे सिद्ध करायला मला काही वर्षे लागली आणि परीक्षकांना ते एका चहात पटले, कारण त्यांच्यापैकी एक स्वतः दारातच अर्धा तास उभे होते.

या कॅसेट विद्यापीठाच्या ग्रंथालयाला द्याव्यात. ग्रंथपाल म्हणाले, "मॅडम, कॅसेट घेऊ, पण वाजवायला काही नाही." म्हणून यंत्रही द्यावे. ज्यांचे बोलणे आहे त्यांना मी शब्द दिला होता की तुमचे नाव कुठेही येणार नाही, तो पाळावा. एक गोष्ट नोंदवून ठेवते. आमच्या कामाचा नियम असा की विचारणाऱ्याने कमीत कमी बोलावे आणि समोरच्याला बोलू द्यावे. तो नियम मी इतका पाळला की एवढ्या कॅसेटमध्ये माझा आवाज फक्त "हं" एवढाच आहे. कोणी माझा आवाज ऐकायचा म्हणून त्या लावील तर त्याच्या हाती "हं" शिवाय काही लागणार नाही.

५. पुस्तके ज्याला हवी त्याने न्यावीत. लाल पेने कोणालाही देऊ नयेत. ती विभागाने दिलेली आहेत, मी कधी वापरली नाहीत, आणि दुसऱ्या कोणाच्या हाती पडली तर तो वापरील.

६. माजी विभागप्रमुख यांस मी काहीही देत नाही. हे मुद्दाम लिहिते, नाहीतर त्यांना वाटेल मी विसरले. माझ्या संध्याकाळच्या वर्गाला ते भर बैठकीत "शिकवणी" म्हणत. "बाई नर्सांना आणि ड्रायव्हरांना गुड मॉर्निंग शिकवतात आणि त्याला संशोधन म्हणतात," हे त्यांचे वाक्य. बैठकीत सगळे हसले. मीही हसले. माझ्या निरोपसमारंभात ते बराच वेळ स्वतःबद्दल बोलले. शोकसभा घेऊ नये. घेतलीच आणि ते बोलायला उठलेच, तर त्यांना बोलू द्यावे. मध्ये कोणी अडवू नये, चूक काढू नये. माझ्या वर्गाचा तो नियम होता, आणि तो सगळ्यांना लागू आहे.

७. आता त्या वर्गाविषयी. बाहेरच्या खोलीत फळा, एक टेबल आणि बऱ्याच खुर्च्या आहेत. निवृत्तीनंतर वर्ग इथेच भरत असे. नियम दोनच. पहिला, उंबरठा ओलांडला की इंग्रजी, मग मोडकीतोडकी का होईना. दुसरा, कोणी बोलत असताना चूक काढायची नाही. मी चुका मनात ठेवायची आणि चहा झाल्यावर सांगायची. नर्सबाई आल्या, ड्रायव्हर आले, एक शेफ आला. बोलायला लागले, आणि बोलायला लागल्यावर निघून गेले, लांब लांब, जिथे त्या बोलण्याचा उपयोग होता तिथे. इंग्रजी शिकवणाऱ्याचा धंदाच असा आहे. वर्ग चांगला चालला की वर्ग रिकामा होतो. भाचीलासुद्धा पहिले इंग्रजी मीच शिकवले.

खुर्च्या रिकाम्या होत होत आता गुरुवारी एकच माणूस येतो. त्यांना इमारतीत सगळे लिफ्टवाले म्हणतात. लिफ्टदुरुस्तीच्या कंपनीत होते, आमची लिफ्ट बंद पडली तेव्हा आले होते, आणि जाताना माझ्या दारावरची वर्गाची पाटी वाचून थांबले. लेक परदेशात, नात तिकडेच जन्मलेली, तिला आपली भाषा येत नाही. नातीशी बोलता यावे एवढीच त्यांची इच्छा. सुरुवातीला फार चुकत. खरेखुरे चुकत.

मग एका गुरुवारी मी दार उघडायला उठले तर ते बाहेर जिन्यात नातीशी फोनवर बोलत होते. लिफ्ट वरखाली कशी होते, दोर तुटला तरी ती खाली का कोसळत नाही, हे तिला समजावून सांगत होते. सलग, हसत, मध्ये तिची थट्टा करत. इतके छान इंग्रजी माझ्या निम्म्या सहकाऱ्यांना येत नसे. मग फोन ठेवून त्यांनी घंटा वाजवली, आत आले, खुर्चीत बसले, आणि पहिल्याच वाक्यात चुकले. दुसऱ्यातही चुकले. चुकल्यावर माझ्याकडे बघितले, मी ऐकले ना, म्हणून.

शिकणाऱ्याच्या चुकांवर मी जन्म घालवला आहे. खऱ्या चुकांना एक वळण असते. त्याच त्या पुन्हा पुन्हा मागे लागतात, सुटता सुटत नाहीत. यांच्या चुका दर आठवड्याला नव्या कोऱ्या असत. त्या मुद्दाम केलेल्या आहेत हे मला समजले, तरी नेहमीप्रमाणे चहा झाल्यावर चुका सांगितल्या. त्यांनी मान डोलावली आणि म्हणाले, म्हणजे मला अजून बरेच शिकायचे आहे, पुढच्या गुरुवारी येतो. हेही अर्थात इंग्रजीतच.

त्यांची पत्नी वारल्यावर एक गुरुवार ते आले नाहीत. नंतरच्या गुरुवारी आले आणि काय झाले ते छोट्या छोट्या वाक्यांत सांगितले. त्या दिवशी एकही चूक नव्हती. चुकायचे त्यांच्या लक्षात राहिले नाही. माझ्याजवळ सांगायला काही नव्हते, म्हणून मी दुसऱ्यांदा चहा केला. इतक्या वर्षांत मी त्यांच्या तोंडून मराठीचा एक शब्द ऐकलेला नाही. साऱ्या गावाचे बोलणे टिपणारी मी, आणि ज्या माणसाची आठवडाभर वाट बघते, तो आपल्या घरच्या भाषेत कसा बोलतो ते मला ठाऊक नाही.

मला एकटे वाटते. हे वाक्य कायद्याच्या कागदात बसत नसेल तर कागद तपासणाऱ्या वकीलबाईंनी खुशाल काढावे. सकाळी, अगदी शुक्रवारीसुद्धा, दूधवाल्याशी बोलायला जाते तेव्हा आवाज फुटत नाही, आधी खाकरावे लागते. बुधवारी संध्याकाळी मी फळा पुसते, जरी त्यावर काही लिहिलेले नसते.

८. सबब, लिफ्टवाल्यांना मी खालीलप्रमाणे देते: बाहेरच्या खोलीतल्या दोन खुर्च्या, ते बसत ती आणि समोरची, फळा, चहाची किटली, आणि वर्ग पूर्ण केल्याचा दाखला, की त्यांना इंग्रजी उत्तम येते, केव्हापासूनच येते, आणि हे बाईंना माहीत होते. तसेच, घर विकले जाईपर्यंत दर गुरुवारी बाहेरच्या खोलीत बसण्याचा त्यांचा हक्क राहील.

इथवर लिहून मी कागद वकीलबाईंना दाखवला. त्या तरुण आहेत आणि स्पष्ट बोलतात. म्हणाल्या, "मॅडम, घर भाचीला आणि गुरुवार त्यांना, असं कसं लिहिता येईल? गुरुवार मिळकतीत धरत नाहीत."

"मग दाखला तरी राहू दे," मी म्हणाले.

त्यांनी आठवे कलम पुन्हा वाचले आणि चष्मा काढला. "पण मॅडम, हे त्यांना तुम्ही गेल्यावर कळणार. मग ते याबद्दल बोलणार कुणाशी?"

मी कागद उलटा करून ठेवला. त्यांना घाई होती तरी त्या बसून राहिल्या. खरी भीती मी त्यांना सांगितली नाही, इथे लिहिते. त्यांना दाखला दिला की वर्ग संपला. वर्ग संपला की येण्याचे कारण संपले. दोन म्हाताऱ्या माणसांना बिनकारण भेटायला हिंमत लागते, आणि ती त्यांच्यात आहे की नाही मला माहीत नव्हते. माझ्यात नाही हे माहीत होते. म्हणून तर मरणानंतरचा मुहूर्त धरला होता.

पुरवणी

वरील मजकुरानंतर मधला गुरुवार येऊन गेला. त्या दिवशी घडले ते असे.

लिफ्टवाले वेळेवर आले, बसले, आणि ठरल्याप्रमाणे चुकले. मी मराठीत म्हणाले, "आज इंग्रजी नको. तुम्हाला येतं. कधीपासूनच येतं."

 ते उठले, दाराशी गेले आणि बुटात पाय घालू लागले. मला वाटले, झाले, संपले. मी हाक मारायला हवी होती, पण तोंड उघडेना. आयुष्यभराची सवय, समोरच्याला बोलू द्यायचे. मी नुसते "हं" म्हटले.

चौकटीला हात लावून ते थांबले. आणि मराठीत बोलले. आवाज इंग्रजीतल्यापेक्षा जाड होता.

"बाई, किती मेहनत घ्यायचो मी त्या चुकांवर! लिफ्टमधून वर येताना पाठ करायचो. आता तीन मजले नुसताच उभा राहू काय?"

मला हसू आले. मग हसू राहिले बाजूला आणि मला रडू आले. ते घाबरले. "अहो, तसं नाही," म्हणत त्यांनी बूट काढले, आत आले, आणि त्यांच्या खुर्चीवर न बसता फळ्याच्या बाजूच्या माझ्या खुर्चीवर बसले. म्हणाले, "इतकी वर्षं तुम्ही मला विचारताय. माझं सगळं विचारून झालं. तुमचं काय? लहानपणी कुठं होतात? घरी कोण कोण होतं?"

हे मला कोणी विचारले नव्हते. मी त्यांच्या खुर्चीवर बसून सांगू लागले. आईचे सांगितले, बहिणीचे सांगितले, विभागप्रमुखांचेही सांगितले. चहा करायचा राहिला. लिफ्टवाले मधूनमधून "हं" म्हणत होते.

जाताना ते दारात पुष्कळ वेळ उभे होते.

सबब, कलम आठमध्ये दुरुस्ती: खुर्च्या, फळा आणि किटली लिफ्टवाल्यांना द्यावीत. दाखला हातोहात दिला आहे. गुरुवार मी या मृत्युपत्रातून काढून घेत आहे, कारण तो अजून वापरात आहे.

वरील मजकूर मी स्वतः वाचला, मला समजला, आणि माझ्या मनासारखा उतरला म्हणून खाली सही केली.

(सही) तिसऱ्या मजल्यावरच्या बाई

आमच्या देखत बाईंनी सही केली, आणि बाईंच्या व एकमेकांच्या देखत आम्ही:

साक्षीदार पहिला: (सही) गल्लीतले डॉक्टर. वार विचारला, बरोबर सांगितला.

साक्षीदार दुसरी: (सही) तळमजल्यावरच्या शिलाईवाल्या ताई

लिफ्टवाल्यांनाही साक्षीदार म्हणून सही करायची होती. ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार होता येत नाही, असे वकीलबाईंनी सांगितल्यावर ते म्हणाले, "मग राहू द्या सही. खुर्ची हवी मला."

स्थळ: बाहेरची खोली
दिनांक: वकीलबाईंच्या शिक्क्यात आहे त्याप्रमाणे. वार शुक्रवार, सकाळ. आवाज पहिल्या शब्दालाच फुटला.