झाकलेलं वावर

बेला,
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

प्रिय पूनम,

तुला आशीर्वाद, पंकजरावांना नमस्कार.

इकडे सगळं ठीक आहे. थंडी उतरली. कापसाची शेवटची वेचणी झाली, आता वावरात नुसत्या पऱ्हाट्या उभ्या आहेत. तुझ्या भाऊजींचा गुडघा कुरकुरतो, पण मोटरसायकल काही सोडत नाहीत. तुझ्या ओवीचा वरचा एक दात पडला. तो तिनं काड्यापेटीत कापसावर ठेवलाय, तुला दाखवायला.

रोज फोन होतो, मग पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोन वाजला की ओवी माझ्या मांडीवर येऊन बसते. जे लिहायचंय ते तिच्यासमोर बोलता येणार नाही. आणि तुझा आवाज ऐकला की माझ्याच्यानं बोलवणारही नाही.

तू जूनमध्ये तिला सोडून गेलीस, तेव्हा बसस्टँडवर म्हणालीस, "ताई, तू एकवीस वर्षं मुलं शिकवतेस. एवढे पहाडे तिच्याकडून करून घे. नाहीतर तिची तिकडची शाळा तिला चौथीत बसवणार नाही." मला तेव्हा ते सोपं वाटलं होतं. माझ्या मराठी शाळेत तिसरीत नाव घातलं आणि मी रोज दुपारी पाटी घेऊन बसू लागले. सात त्रिक किती? ती पाटीकडे पाहायची, मग दाराकडे. ओठ पांढरे पडायचे. तिकडच्या वर्गात तिला बाकावर किती वेळ उभं ठेवायचे, ते तिनं मला कधी सांगितलं नाही. पण प्रश्न विचारला की ती आपोआप उभी राहायची गं. घरात, माझ्यासमोर.

आमच्या शाळेत दुपारचा भात शिजवायला विमलबाई आहेत. कधी शाळेत गेल्या नाहीत. सांबारासाठी चिंच फोडतात आणि चिंचोके डब्यात साठवतात. जुलैत एक दिवस शाळेच्या ओट्यावर त्या माझं हे विचारणं ऐकत तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, "बाई, एक बोलू? राग नोका मानू."

"बोला."

"घडीघडी त्या लेकराले इचारून राह्यल्या तुमी. तिनं कधी तुमाले काही इचारलं का?"

मी म्हटलं, "ती काय विचारणार मला?"

"मंग झालं! एकच जन डाव घेते, अन् दुसरा नुसता पयते. असा खेळ कोन खेळन?"

त्यांनी डबा आणला आणि ओट्यावर चिंचोके मांडले. चार ओळी, प्रत्येक ओळीत सहा. "हे माह्यं वावर. चार तासं, दर तासात सहा झाडं." मग आपला पदर त्यावर असा पसरला की वरची एक ओळ आणि डावीकडची एक बाजू तेवढी उघडी राहिली. "आता सांग माय, वावरात झाडं किती? बरोबर आलं तर डाव तुह्यावर. तू झाकजो, मी सांगीन. मले तर हिशोब येतच न्हाई, तू मले लुटशीन पाह्य."

ओवी बराच वेळ उघड्या कडांकडे पाहत राहिली. ती उभी राहिली नाही, हे मी पाहिलं. मग हळूच म्हणाली, "चोवीस?"

"अवो बाई! पोरीनं तर पदराआडचं पाह्यलं!" विमलबाई ओरडल्या, आणि तुझी लेक हसली. महिन्याभरात पहिल्यांदा.

त्यानंतर रोज वावर मांडायचं. आधी विमलबाईंशी, मग माझ्याशी, मग वर्गातल्या पोरींशी. ती झाकायची तेव्हा मला खरंच घाम फुटायचा, कारण ती बारा-तेरा ओळींची वावरं मांडायची, आणि मी अडले की टाळ्या पिटायची.

आता एका दुपारचं सांगते. ऑगस्ट संपत आला होता. मी सात ओळी, आठ-आठ चिंचोक्यांच्या मांडून ओढणी टाकली. ती पुटपुटली, "पाच ओळींचे चाळीस. खाली दोन ओळी राहिल्या, त्यांचे सोळा. छप्पन्न." हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. मी काही बोलायच्या आत ती उठली, वावराला वळसा घालून दुसऱ्या बाजूला जाऊन बसली आणि म्हणाली, "मावशी, इकडून तर आठ ओळी आहेत, सात-सातच्या. पण वावर तेच आहे ना? मी फक्त बसायची जागा बदलली."

पूनम, एकवीस वर्षं मी फळ्यावर सात आठी आणि आठ साती लिहितेय. दोन्ही वेगवेगळे पाठ करून घेतेय. मी उठले, तिच्या बाजूला जाऊन बसले आणि पाहिलं. खरंच आठ ओळी होत्या. आपल्या आठ वर्षांच्या पोरीच्या डोक्यात एक अख्खं शेत उभं होतं आणि ती त्याच्याभोवती फिरत होती. मला इतकी वर्षं एकाच बांधावर उभं राहून ते दिसलं नव्हतं.

इथवर लिहिलं ते सोपं होतं.

दर रविवारी तू फोनवर तिला तीन प्रश्न विचारतेस. सप्टेंबरभर ती तुला काय सांगत होती, आठवतं? सात आठी? पंचावन्न. सहा नव्वे? त्रेपन्न. आठ चोक? एकतीस. तू मला म्हणायचीस, "ताई, जवळ येते गं, पण अजून कच्चं आहे." मलाही आधी वाटलं, फोनवर घाबरत असेल. मग एका रविवारी मी वर्तमानपत्राच्या कडेला तिची उत्तरं लिहून ठेवली. पुढच्या रविवारी पुन्हा. सगळ्या उत्तरांत नेमका एक कमी. एकदाही दोन नाही, एकदाही जास्त नाही.

असं चुकायला आधी बरोबर उत्तर यावं लागतं. तुझा प्रश्न संपायच्या आत ते तिला येत होतं, त्यातून ती एक काढत होती, आणि मग तुला देत होती. मी तो कागद हातात धरून किती वेळ बसले, माहीत नाही. थक्क झाले होते आणि भीतीही वाटत होती.

दसऱ्याच्या सुट्टीत मी तिला विचारलं. तिनं लगेच कबूल केलं. म्हणाली, "इथं बरोबर आलं की डाव माझ्याकडे येतो. तिकडे बरोबर आलं की पुढचं विचारतात, आणखी कठीण. मग त्याच्या पुढचं. मम्मीपण नुसती विचारते. ती मला कधी झाकू देत नाही."

राग मानू नकोस. तू दिवसभर बँकेत राबून फोन करतेस, हे मी तिला सांगितलं. पण तिचं म्हणणं तुझ्यापर्यंत पोचवणं माझं काम होतं आणि ते मी केलं नाही.

दसऱ्यानंतर दिवाळी आली. तुम्ही दोघं आलात. फराळाच्या ताटासमोर तू तिला विचारलंस, तिनं पुन्हा एक कमी सांगितलं, आणि तू स्वयंपाकघरात येऊन माझ्या खांद्यावर रडलीस. "माझ्या पोरीत काही कमी आहे का गं ताई?" मी तुझ्या पाठीवरून हात फिरवत होते. मला सगळं माहीत होतं, पूनम. एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणाले, "वेळ लागतो एकेका मुलाला."

का, ते तुला कळतं. आमच्या घरात संध्याकाळी आता कोणीतरी दार वाजवतं. तुझे भाऊजी बाजारातून दोन पेरू आणायचे ते तीन आणतात. मुलासाठीच्या आमच्या दवाखान्याच्या फेऱ्या संपून बारा वर्षं झाली, मी कोणाजवळ रडले नाही, मला वाटलं ते मिटलं. मिटलं नव्हतं. गुरुवारी तू म्हणालीस, "ताई, अजून एक वर्ष राहू दे तिला तुझ्याकडे," आणि मी "बरं" म्हणाले, तेव्हा माझा आवाज इतका शांत होता की मलाच माझी लाज वाटली.

फोन ठेवल्यावर ओवी मांडीवरून उतरली. माझ्याकडे पाहून तिनं अगदी साधेपणानं विचारलं, "मावशी, आता किती दिवस चुकायचं?"

तिला वाटत होतं, हा आम्हा दोघींचा खेळ आहे. मी काही बोलत नाही म्हणजे मीही त्यात आहे. तिचं बरोबरच होतं.

मी तिला म्हटलं, "आता नाही चुकायचं. चूक माझी होती." ती म्हणाली, "मग मम्मीला तू सांग. मला भीती वाटते." म्हणून हे पत्र.

पूनम, तुझ्या पोरीत काही कमी नाही. जे आहे ते पाहायला मला तिच्या बाजूला जाऊन बसावं लागलं. तिकडच्या शाळेच्या मार्चमधल्या तोंडी परीक्षेला ती बसू शकते. त्याच शाळेत पुन्हा घालायचं का, याचा मात्र विचार कर. तो तुझा हक्क आहे, मी त्यात बोलणार नाही.

येत्या रविवारी फोन करू नकोस, ये. आल्या आल्या काही विचारू नकोस. जमिनीवर बस, तिला झाकू दे, आणि तुला नाही आलं तर नाही आलं म्हण. माझ्याशी बोलायचं की नाही, ते नंतर ठरव. तिची शाळेची कागदपत्रं मी काढून ठेवलीत. कपडे शनिवारी भरेन. त्याआधी भरायचा धीर होत नाही.

ओवीची मावशी,
आणि तू म्हणशील तर तुझी ताई,
चारुशीला