निम्मे स्पीकरला, कानाला काहीच नाही

प्रिय पप्पा,

जय भीम. तुम्ही गेल्यावर तुमच्याशी भांडायचं नाही असं ठरवलं होतं. पण काल आईनं जे सांगितलं, ते ऐकून राहवेना. म्हणून लिहितेय.

काल जालन्याहून एक जण तुमचा गाण्यांचा सेट विकत घ्यायला आला होता. तुमच्या खुर्चीत बसला, गाणं लावलं आणि दोन्ही कानांवर हातच ठेवले की! म्हणाला, "ताई, ट्रेबल, म्हणजे तो बारीक चिरका आवाज, पूर्ण वर ठेवलाय. कानात सुया टोचतायत. असं कोण ऐकत होतं?" मी आईकडं पाहिलं. ती म्हणाली, "त्यांना तसंच ऐकू यायचं."

पप्पा, हे कधीपासून? शेंद्र्याच्या कंपनीत वर्षानुवर्षं प्रेसच्या धडधडाटात उभे राहिलात, त्यात कान गेले. डॉक्टरांनी कानाचं मशीन लावायला सांगितलं होतं, हे मला काल कळतंय! आणि तुम्ही काय केलंत? रिटायर झाल्यावर बजेट मांडलंत. निम्मे पैसे स्पीकरला. उरलेल्यात अ‍ॅम्प्लिफायर. "स्पीकर हलका घेतला तर बाकी सगळं मातीत," असं मला ऐकवायचात. वायरीसाठी शहागंजचा अख्खा बाजार पालथा घातलात. स्टँडलासुद्धा पैसे निघाले. कानाच्या मशीनला एक रुपया नाही!

आईनं विचारलं होतं म्हणे. तर तुम्ही म्हणालात, "मशीन लावलं की लोक बहिरा म्हणतात. स्पीकर लावला की शौकीन म्हणतात." पक्के नवाब! हे ऐकून काल मी आधी हसले आणि मग लई रडले.

मी काय समजत होते, सांगू? पुण्याहून फोन केला की तुमचं आपलं, "बरी हायेस ना बेटा? आईकडं देतो," एवढंच. मला वाटायचं, गाण्यांपुढं पोरगी कोण? मैत्रिणींना सांगायचे, आमच्या पप्पांना माझ्यापेक्षा स्पीकर प्यारे.

आणि तुम्ही आईचा फोन वायरीनं अ‍ॅम्प्लिफायरला जोडून, त्या खुर्चीत बसून, माझा शब्द न् शब्द ऐकत होतात! ऑफिसातली भांडणं, घरमालकिणीची कटकट, सगळं. मध्ये बोलायचा नाहीत, कारण उत्तर चुकलं तर मला कळेल. फोन झाल्यावर माझी नक्कल करून दाखवायचात म्हणे.

मला मात्र इकडं माझाच आवाज घुमून परत यायचा. "आई, काय घुमतंय गं! ठेव, नंतर करते." किती वेळा असं म्हटलं असेल मी! आई एका शब्दानं बोलली नाही. तुम्ही शपथ घातली होती तिला.

शेवटी मीच वैतागले आणि बोनस आल्यावर तिला नवा फोन पाठवला. भारीतला. त्याला ती वायर घालायला भोकच नव्हतं. घुमणं बंद झालं आणि मी केवढी खूश! "बघ आई, आता कसं स्वच्छ ऐकू येतंय!"

आई म्हणाली होती, जुन्या फोनात सिम परत घालू. तर तुम्हीच नको म्हणालात. "पोरीला आता तरास होत नाय. बोलू दे तिला." आणि मग मी तासन् तास बोलत राहिले, आणि तुम्ही शेजारी नुसते बसून. फोन ठेवला की आईला विचारायचात, "काय म्हणाली?" आणि आई म्हणायची, "काय नाय, बरी हाय." पप्पा, एकदा तरी मला सांगायचं ना! मी काय परकी होते? ओरडून बोलले असते. गल्ली गोळा झाली असती तरी बोलले असते.

सेट द्यायचा की ठेवायचा, ते आई ठरवेल. पण तीसुद्धा आताशा दर वाक्याला "आं?" करते आणि हसण्यावारी नेते. शनिवारी तिला कानाच्या डॉक्टरकडं नेतेय. "मला काय धाड भरलीय?" म्हणून फणकारली, तरी नेणार. खर्च माझा.

आणि मशीन येईपर्यंत ती जितक्यांदा "आं?" करेल, तितक्यांदा पुन्हा सांगेन, न चिडता. हा शब्द तुम्हाला देते. "काही नाही, जाऊ दे," असं तिला कधी म्हणणार नाही. तुमच्याशी मी शेवटचं तेवढंच बोलले होते.

तुमची,
सुजाता