वरणात घातलेलं पाणी

उस्ताद,

आज दुपारी गारखेड्याच्या लॅबमधून डॉक्टरांकडं जाऊन परत आलो आणि जेवणाआधी तुम्हाला लिहायला बसलो. तुम्ही गेलात तेव्हा या शहराचं नाव वेगळं होतं आणि माझे केस काळे होते. आता मी पन्नाशी ओलांडली आहे आणि तुम्हाला होती तीच साखर मलाही आहे. मागं डॉक्टरांनी लघवीची एक तपासणी करायला लावली, तिच्यात किडनीचा आकडा थोडा वर आला. एकदाच आलेल्या आकड्यावर कुणी शिक्का मारत नाही. ताप असला, अंगमेहनत झाली, तरी तो चढतो. म्हणून काही महिन्यांनी पुन्हा करा म्हणाले. ती आज केली. तिचं काय झालं ते सांगतो, पण क्रमानं सांगतो. अर्धवट सांगितलेलं तुम्हाला कधी चाललं नाही.

छावणीतलं तुमचं ते दुकान डोळ्यांसमोर आहे. फौजेच्या वर्कशॉपात दुर्बिणी दुरुस्त करून निवृत्त झालेला माणूस, म्हणून अख्खा बाजार तुम्हाला उस्ताद म्हणायचा. टेबलावर उघडे पडलेले मायक्रोस्कोप, आणि स्क्रू ठेवायला काकूंनी दिलेल्या लोणच्याच्या चिनीमातीच्या बरण्या. मी बिडकीनकडून आलेला, दहावी झालेला, घरचे दोन रेडिओ उघडून एकच परत जोडू शकलेला. पुढचं सगळं तुमच्या टेबलावर शिकलो, आणि मशीनसोबत येणारी इंग्रजी पुस्तकं शब्दकोश मांडीवर घेऊन वाचली. कॉलेजचं तोंड पाहिलं नाही. तरी आज या शहरातल्या कितीतरी लॅबच्या मशीन माझ्या हाताखालून जातात, आणि मी बंद केलेलं झाकण आठ दिवसांत पुन्हा उघडावं लागलं असं कुणी म्हणत नाही. हा गर्व आहे, असू दे. तुम्हीच म्हणायचात, ज्याला आपल्या कामाचा गर्व नाय त्याच्या हातात पेचकस देऊ नये. तुम्ही दिलेला पितळी टोपीचा स्क्रूड्रायव्हर आजही माझ्या खिशात असतो.

तुम्ही मला एकदाच सगळ्यांसमोर बोललात. एका लॅबमधलं रंग मोजायचं यंत्र आपण दुरुस्त करून लावलं होतं. काचेच्या नळीत शुद्ध पाणी भरायचं, यंत्राला शून्य दाखवायचं, मग रोग्याचा नमुना. मी शून्य लावलं आणि ऐटीत बाजूला झालो. तुम्ही नळी काढून खिडकीकडं धरली. काचेवर माझ्या अंगठ्याचा ठसा. लॅबवाले बघत होते. तुम्ही आवाज चढवला नाही, एवढंच म्हणालात, "तुझ्या बोटाचा डाग रोग्याच्या नावावर मांडू नको." परत येताना चहा पाजलात आणि त्या गोष्टीचं नावसुद्धा काढलं नाहीत. ते वाक्य मी नंतर किती जणांना ऐकवलं, आणि दर वेळी माझंच असल्यासारखं ऐकवलं.

आणि काकूंचं स्वयंपाकघर. काम लांबलं की तुम्ही मला जेवायला थांबवायचात, आणि काकू न विचारता वरणात तांब्याभर पाणी ओतायच्या. एकदा मी संकोचून म्हणालो की माझ्यामुळं वरण पातळ झालं. तुम्ही वाटीतलं वरण काचेच्या पेल्यात ओतलं आणि खिडकीच्या उजेडात धरलं. "बघ गड्या, धुकं कमी झालं. पण डाळ गेली कुठं? जेवढी टाकली तेवढीच हाय. मीठ पातळ झालं, हळद पण पातळ झाली. हळदीच्या मानानं मीठ किती, ते पाण्याच्या बापाला बदलता येत नाय." काकू म्हणाल्या, "आता शाळा बंद करा आणि त्या लेकराला जेवू द्या." मी जेवत होतो, तुम्ही पेला फिरवून फिरवून बघत होतात. ते वरण मी इतक्या वर्षांनंतरही विसरलो नाही, आणि आज तर अजिबातच नाही.

कारण उस्ताद, हे सगळं ज्याला कळत होतं तो माणूस स्वतःची लघवी तपासायला देताना काय करायचा? बाटली गरम पाण्यानं स्वतः विसळायचा, उजेडात धरून बघायचा, आणि मग उभ्या उभ्या दोन तांबे पाणी प्यायचा. नमुना झऱ्यासारखा स्वच्छ. त्या वेळी पट्टी बुडवून रंग बघायचे, नाहीतर नळीत लघवी उकळून ती गढूळ होते का ते बघायचे. तुमची कधीच गढूळ झाली नाही. कागदावर 'प्रथिन: नाही' लिहून आलं की तुम्ही तो काकूंपुढं नाचवायचात. काकू म्हणायच्या, "अभ्यास न करता पास व्हायची विद्या फौजेत शिकवतात वाटतं." तुम्ही म्हणायचात, "पास होतो ना? झालं मग." तुम्ही लघवी केल्यावर मोरीत फेस राहतो असंही त्या सांगत होत्या. तुम्ही साबणावर ढकललंत. पुढं पाय इतके सुजले की बुटाची नाडी बांधता येईना. तेव्हा रक्त तपासलं, आणि तोवर किडन्यांचं बरंच काम संपलेलं होतं.

पाण्यामुळंच झालं असं मी म्हणत नाही. खरं तर त्या पट्टीला थोडकं दिसतच नव्हतं. साखरेनं किडनीची चाळणी सैल व्हायला लागते तेव्हा रक्तातलं एक प्रथिन अगदी कणाकणानं लघवीत उतरतं. रक्ताची तपासणी त्या वेळी ठीक येते, पायाला सूज नसते, माणूस जिने चढत असतो. पट्टीवर रंग उमटेपर्यंत बराच काळ निघून जातो. आता जी तपासणी आहे ती त्या कणांनाच धरते. औषध मिसळलं की त्या प्रथिनाचं अगदी बारीक धुकं होतं आणि यंत्र ते धुकं मोजतं. त्याच नमुन्यात दुसरा एक पदार्थ मोजतात, क्रिएटिनिन. तो शरीर रोज साधारण सारखाच बाहेर टाकतं, त्यामुळं लघवी दाट की पातळ ते त्याच्यावरून कळतं. मग एकाला दुसऱ्यानं भागायचं. तीसच्या आत आलं तर ठीक. तीसच्या वर चाळणी सैल होतेय, तीनशेच्या वर बरीच सैल झाली. हे मी पहिल्यांदा मशीनच्या पुस्तकात वाचलं तेव्हा जागेवरून उठून उभा राहिलो. प्रथिन म्हणजे मीठ आणि क्रिएटिनिन म्हणजे हळद. छावणीच्या स्वयंपाकघरात तुम्ही पेल्यात धरून दाखवलेलं तेच, दुसरं काही नाही.

तर आजचं. लॅबमधलं ते यंत्र माझ्याच देखभालीतलं. गेल्याच आठवड्यात मी त्याचा दिवा बदलला, शून्य लावलं, आकडा आधीच माहीत असलेल्या नमुन्यावर दोनदा पडताळलं. म्हणजे आकडा नकोसा आला तर मशीनवर ढकलायची सोय मी स्वतःच बंद करून ठेवली होती. तिथली तंत्रज्ञ मुलगी बिडकीनचीच, मला काका म्हणते आणि माझी चेष्टा करायचा हक्क आपला आहे असं समजते. मी बाकावर बसलो होतो. आतून यंत्रानं कागद छापल्याचा आवाज आला. तो आवाज मी हजार वेळा ऐकला असेल, आज मात्र हात खिशातल्या पेचकसावर गेला.

ती कागद घेऊन बाहेर आली आणि माझ्याकडं बघत म्हणाली, "काका, क्रिएटिनिन लई पातळ आलंय. विहीर पिऊन आलात काय?"

मी म्हणालो, सवय आहे, सकाळी पाणी जास्त पितो मी.

"व्हय का," ती म्हणाली. "भागाकार मात्र तिथंच आहे बघा. मागच्या वेळी अठ्ठावन्न, आज एकसष्ट."

डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी कागद बघितला आणि म्हणाले की आता शंका राहिली नाही, चाळणी सैल व्हायला लागली आहे, पण नुकतीच. किडनीवरचा दाब कमी करणारी गोळी लिहून दिली, मीठ आवरा म्हणाले, साखर आणि रक्तदाब ताब्यात ठेवा म्हणाले. हे असंच कितीतरी वर्षं थोपवून धरता येतं. वेळेवर सापडलं, असं दोनदा म्हणाले. दुसऱ्यांदा म्हणाले तेव्हा मला तुमची ती न बांधता आलेली नाडी आठवली. उस्ताद, जे तुम्हाला दिसलं नाही ते मला दिसलं, आणि ज्या यंत्रानं दाखवलं ते नीट ठेवायला तुम्हीच शिकवलं होतं. याचे आभार कसे मानतात मला ठाऊक नाही. काकू असत्या तर त्यांच्या पाया पडून आलो असतो.

हे पत्र कुठं टाकायचं तेही ठाऊक नाही. छावणीतल्या त्या दुकानात आता मोबाईलची कव्हरं मिळतात. राहू दे माझ्याकडंच.

एक राहिलं. ते लॅबमधल्या पोरीला सांगितलं नाही, डॉक्टरांना नाही, बायकोला तर नाहीच. सकाळची पहिली लघवी आणायला सांगितली होती. ती मी सोडून दिली. मग बाटली उजेडात धरून बघितली, बायको उठायच्या आत स्वयंपाकघरात गेलो, आणि उभ्या उभ्या दोन तांबे पाणी प्यायलो. भागाकारापुढं पाण्यानं काही लपत नाही, हे मला या शहरात कुणापेक्षाही जास्त माहीत आहे. तरी प्यायलो.