वर कुणी जायचं

आबा, काल आमच्या शाळेत वादविवाद स्पर्धा होती आणि विषय नेमका तोच निघाला. अवकाशात माणसं पाठवावीत की नुसती यंत्रं. हल्ली तिकडे वर म्हणे घरच बांधायला घेतलंय, माणसं महिनोन्‌महिने तिथे राहणार, खर्च कुणी करायचा यावर देशादेशांत भांडणं चाललीत. पेपरात रोज काहीतरी येतं, म्हणून मुख्याध्यापकांनी हा विषय दिला. परीक्षक मी. मराठीच्या बाईंना दुसरं काम नसतं असा पिंप्राळ्यातल्या आमच्या शाळेत सगळ्यांचा समज आहे. पोरं मुठी आपटून प्रगती प्रगती करत होती, आणि माझं एका शब्दाकडे लक्ष नव्हतं. मी आपली धुळ्याच्या स्वयंपाकघरात जाऊन बसले होते.

तुम्ही पाटावर बसला आहात. खाकी शर्ट, दंडाला तारेने खरवडल्याची ताजी रेघ. दिवसभर विजेच्या लाईन दुरुस्तीला खांबांवर चढून आला आहात, माय भाकरी थापते आहे, आणि मी अकरावीतली, चुलीशी उभी राहून उद्याच्या स्पर्धेचं भाषण म्हणून दाखवते आहे. बाजू चिठ्ठी टाकून ठरायची आणि माझ्या चिठ्ठीत 'पाठवू नयेत' आलं होतं. थोड्याच दिवसांपूर्वी अमेरिकेचं यान आकाशात फुटलं होतं. सात जण गेले, त्यात एक शाळामास्तरीण. पेपरात धुराचा फोटो आला होता. मी हात वर करून म्हटलं, जे काम यंत्र करू शकतं तिथे माणसाचा जीव कशाला घालायचा? आणि नंतर त्याला बलिदान म्हणून हार कशाला घालायचे? आबा, ते भाषण अवकाशाचं नव्हतंच. तुम्ही वादळात सायकल काढून निघालात की परतेपर्यंत मी दारातून हलत नसे, ते सगळं मी त्यात ओतलं होतं. तुम्हाला ते कळलं असणार, नाहीतर एवढे चिडला नसतात.

"बठ्ठं खालतून दिसस का, पोरी?" सगळं खालूनच दिसतं का, असं विचारून तुम्ही घास तसाच ठेवलात. "बिघाड शे इतलंच यंत्र सांगी. काय बिघाड शे, ते मानूसलेच देखनं पडस."

मी म्हटलं, मग त्या सात जणांचं काय?

तुम्ही पाण्याचा तांब्या उचललात, प्यालात, आणि भाव विचारल्यावर सांगावा तसं सांगितलंत. "थांबतीन थोडा दिन. मंग दुसरासले धाडतीन."

मला तुमचा राग आला होता. माणूस मेल्यावर इतकं थंड कसं बोलवतं? दुसऱ्या दिवशी मी पहिली आले, कप आणला, तुम्ही त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाहीत. माझ्याशी दोन दिवस धड बोलला नाहीत. तिसऱ्या दिवशी कप देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर होता, पुसलेला. मायने ठेवला नव्हता, मी विचारलं तिला.

तुमचं म्हणणं खरंही झालं. ते थांबले, चौकशा झाल्या, आणि मग दुसऱ्यांना घेऊन यान पुन्हा उडालं. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात नरडाण्याकडे तुम्ही खांबावर होतात. लाईन बंद केलेली होती, परवानगी घेतलेली होती, नेहमीसारखं सगळं रीतसर. जवळच्या एका मळ्यात लग्न होतं. लाईट नाही म्हणून त्यांनी जनरेटर लावला आणि घराचा मेन स्विच न पाडताच जोडला. त्यांच्या घरातून करंट उलटा तारांवर आला. असं आपल्याकडे सगळेच करतात, कुणाच्या डोक्यातही येत नाही की पलीकडे तारेला कुणाचे हात असतील. वरूनही दिसत नव्हतं, आबा. हे मी तुम्हाला इतकी वर्षं सांगतेय मनातल्या मनात. खालून दिसत नाही हे कबूल, पण वरून तरी काय दिसलं तुम्हाला?

शोकसभेत साहेब बलिदान म्हणाले. तोच शब्द. मला उठून बोलावंसं वाटलं, पण मायने माझा हात इतका घट्ट धरला होता की बांगडी रुतली.

आणि मग अनुकंपा. बापाच्या जागी पोरगा. आपल्यात त्याला उपकार म्हणतात, शेजारणी येऊन मायला सांगत होत्या की नशीब, पोराचं भलं झालं. धाकटा तुमच्याच खात्यात लागला, तुमचंच काम. मी तेव्हा घरात आकांडतांडव केलं. मायने एकच विचारलं, "मंग खानं काय?" ह्यावर कुठल्या स्पर्धेत उत्तर शिकवतात?

आता तो सावद्याकडे असतो. केळीच्या बागा, दिवसरात्र मोटारी, लाईट गेली की शेतकरी ऑफिसात येऊन आयमाय काढतात. गेल्या महिन्यात त्याला ऑफिसात बसायची बदली देऊ केली आहे. पंखा, टेबल, रजिस्टर. सोमवारपर्यंत हो की नाही कळवायचं आहे आणि हा तुमचा लेक नाही म्हणतो आहे. मायने माझ्यावर सोपवलं, तू बोलण्यात कुणाला हरत नाहीस, समजव त्याला. म्हणून काल स्पर्धेनंतर त्याला घरी जेवायला बोलावलं.

मी सगळं काढलं. तुम्हाला काढलं, त्याच्या लेकीला काढलं, फुटलेलं यानही काढलं. तो मान खाली घालून ऐकत होता, आणि मला वाटलं, वळतोय. तेवढ्यात लाईट गेली. सगळ्या कॉलनीत अंधार. उकाडा, डास, गच्चीवरून पोरांचा कल्ला. मी मेणबत्ती शोधता शोधता बोलून गेले, "मेले झोपलेत की काय सगळे? एवढा वेळ लागतो?"

अंधारात मला त्याचं तोंडही दिसलं नाही. तो म्हणाला, "अक्का, कोनीतरी चढेल व्हई."

कुणीतरी या घटकेला खांबावर चढलेलं असणार. मी मेणबत्ती न शोधताच खाली बसले. पंखा फिरायला लागला तशी त्याने चप्पल घातली, आणि तो नाही असंच कळवणार हे मला समजलं. हे मायला अजून सांगितलेलं नाही. आणि लाईट आली तेव्हा मला किती बरं वाटलं, तेही कुणाला नाही.