फौजींचे मोजे

प्रिय अहो,

पुढे नाव लिहायचं असतं, पण ते मी लग्नात एकदा घेतलं आणि तेवढ्यावर जन्म भागवला. आता तर ‘काळूराम फौजी’ साऱ्या तालुक्याच्या तोंडी आहे, मी एकटीने नाही घेतलं तर कुणाचं अडणार नाही. एकाच घरात राहून पत्र कसलं लिहितेस, असं म्हणाल. तोंडाने सांगून पाहिलं, सगळं पालथ्या घड्यावर पाणी. सरहद्दीवर होतात तेव्हा माझं पत्र चारचारदा वाचायचात, म्हशीच्या दुखण्यापासून गळक्या कौलापर्यंत एकेका ओळीला उत्तर धाडायचात. पेन्शन घेऊन घरी आलात आणि कान बंद झाले. म्हणून पुन्हा पत्र.

आज शुक्रवार, दुपार आहे. तुम्ही बाहेर ओट्यावर बसला आहात, भोवती माणसं आहेत, आणि मी आत तिसऱ्यांदा चहाचं आधण ठेवलंय. सकाळी शाळेची पोरं येऊन गेली, मग पतपेढीवाले, आता कुठलंसं मित्रमंडळ आलंय. प्रत्येकजण शाल आणतो. या उकाड्यात शाली! कपाट भरलं, आता भाताच्या कणगीवर रचते आहे. नारळांचं तर विचारूच नका, आठवडाभर घरात नारळाशिवाय कालवण झालेलं नाही. आपली सून दिपिका मदतीला येईल म्हणावं, तर ती मोबाइल धरून तुमच्यामागे. मनोजने कामावर रजा टाकलीय, बापाच्या सत्काराच्या तारखा तोच देतो. शेजारची आक्का काल म्हणाली, “गोदू, तुजा नवरा देवमाणूस हाय, तुजं नशीब मोठं.” मी म्हटलं, “देवाला निदान नैवेद्य दाखवला की पुरतं गं. यांना जेवायला बोलवायचं तरी दहा जणांना बाजूला सारावं लागतं.”

मला कौतुक नाही असं समजू नका. आक्काची सून बाळंतपणात अडली, टेम्पोत घालून नेली आणि त्या खड्ड्यांच्या रस्त्याने भिवंडीला पोचेपर्यंत सगळं संपलं, तेव्हा सगळ्या गावाने हळहळ केली आणि सगळं गाव घरी गेलं. तुम्ही एकटे झेंडावंदनाला उभे राहिलात आणि म्हणालात की या भागाला रुग्णवाहिका मिळेपर्यंत मी रोज आपल्या दिघाशीहून अंबाडीला चालत जाईन, चालत येईन, ज्याला गाडीसाठी पैसे द्यायचे त्याने द्यावेत. या वयात! पहिल्या दिवशी तुम्हाला ओवाळलं ते मीच. गोदामांच्या रांगेतून, कंटेनरच्या धुळीतून, मेडल लावून ताठ जाताना पाहिलं तेव्हा माझा ऊर भरून आला होता. भिवंडीच्या निजामपुऱ्यातले लूमवाले मागावर रात्रपाळी करून तसेच आले, “चाचा, आप तो शेर निकले,” म्हणत सरबताचा ग्लास हातात दिला, तेव्हा मी पदराने डोळे पुसले. हे तुम्हाला सांगितलं नव्हतं, आता सांगते.

पण मग ते पाया पडणं सुरू झालं. नाक्यानाक्यावर बाया तांब्या-ताम्हण घेऊन उभ्या. तुम्ही म्हणायचात, बूट काढणार नाही, वरूनच पाणी घाला. लोकांना तेही आवडलं, फौजी शिस्तीचा! आणि मागच्या आठवड्यात तुम्ही मोजे धुवायला बसलात. पन्नास वर्षांच्या संसारात ज्यांनी स्वतःचा कप विसळला नाही, ते न्हाणीच्या दगडावर बसून मोजे धुतायत. दिपिकाने त्याचा व्हिडिओ केला, जगभरातून हात जोडलेली चित्रं आली. मनोज म्हणाला, “आई, बघ, बाबा किती साधे आहेत.” सगळ्यांनी साधेपणा पाहिला. मी मात्र मोजे पाहिले. हा माणूस काहीतरी लपवतोय, हे कळायला मला व्हिडिओ लागत नाही.

दुसऱ्या दुपारी तुम्ही झोपलात तेव्हा मी हळूच मोजा उतरवला. तो तळव्याला चिकटला होता. करंगळीखाली रुपयाएवढी जखम, कडेने काळी. मी बोट लावलं. तुम्ही हलला नाहीत, घोरतच राहिलात. तेव्हा मी जी घाबरले, ती अजून घाबरलेलीच आहे. शुगर आहे, गोळ्या कधी घेतल्या कधी नाही, आणि पायाला काही कळेनासं झालंय हे तुम्हाला माहीत होतं. रोज शेकडो माणसं या पायांवर डोकं ठेवतात. त्यातल्या एकाला तरी पाय दिसावा की नाही?

मी रिक्षात बसून एकटी अंबाडीच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनीही आधी तुमचे गोडवे गायले, मी आपलं ऐकून घेतलं. मग जखम सांगितली, तसा त्यांचा चेहरा पडला. म्हणाले, त्या पायावर भार द्यायचा नाही, ताबडतोब आणा. आणखी चाललात तर बोट जाईल, कदाचित पाऊलही, आणि विष वर चढलं तर त्याहून वाईट. मी येऊन मनोजला सांगितलं. तुमचाच मुलगा! म्हणाला, “आई, रविवार होऊ दे, बॅनर लागलेत, मोठी माणसं येणार आहेत.” तुम्हाला सांगितलं तर तुम्ही म्हणालात, सैनिक अर्ध्यातून मागे फिरत नाही.

कोण म्हणतं अर्ध्यातून? गाडीचे पैसे कधीच जमलेत, हे तुम्हीच मंगळवारच्या सभेत सांगितलंत. रविवारी थेट भिवंडीपर्यंत चालायचं ते गाडीसाठी नाही, टाळ्यांसाठी. गाडी आल्यावर पहिला पेशंट तुम्हीच व्हायचं ठरवलंय का? आणि प्रत्येक सत्कारात तुम्ही बर्फातल्या चौकीची गोष्ट सांगता, हवालदार म्हणून रोज संध्याकाळी जवानांचे पाय स्वतः तपासायचात, एका पोराने काळी पडलेली बोटं लपवली तर त्याला सगळ्यांसमोर झापून खाली पाठवलंत. पाय लपवणारा जवान पलटणीला फसवतो, असं म्हणता आणि लोक टाळ्या वाजवतात. मी बायकांच्या रांगेत बसून ऐकते. मला दर वेळी वाटतं, उठावं आणि विचारावं, त्या पोराला खाली पाठवणारे हवालदार आता कुठे गेले?

तेव्हा ऐका. पहाटे बूट घालायला कोनाड्यात हात घालाल, तिथे बूट नसतील, हे पत्र असेल. बूट माझ्यापाशी आहेत आणि मी पहिल्या रिक्षाने अंबाडीला भावाकडे गेले आहे. मनोजला विचारू नका, त्याला ठाऊक नाही. नवे बूट आणून चालायला लागलात तर रविवारी मी स्टेजवर चढेन आणि मोठ्या माणसांच्या देखत तुमचा मोजा स्वतःच्या हाताने काढेन, मग गावाने मला काय म्हणायचं ते म्हणो. जवानीतली सगळी वर्षं तुम्ही पलटणीला दिलीत, मी कधी हिशेब मागितला नाही. म्हातारपण तालुक्याला दिलंत, तरी चहा करत राहिले. पण आता जे उरलंय ते माझं आहे, अख्खं, दोन पायांचं, आणि ते मी कुणाच्या टाळ्यांसाठी सोडणार नाही. तुम्ही गेलात तर लोक पुतळा उभारतील हो, पण मी भांडू कुणाशी? डॉक्टरांना सांगून ठेवलंय, ते सकाळी नऊला दवाखान्यात येतात, मी तिथे दाराशी उभी असेन. मनोजच्या गाडीवर मागे बसा, चालू नका. चपला घालून या.

तुमचीच, आणि अजून रागातच असलेली,
गोदू