हातावर ठरलेलं कुरण

शनिवार, ४ मार्च २००६

जॉसने कुरण दुसऱ्याला दिलं! आमच्या शेजारच्या जॉसने! सप्टेंबरात मेंढ्यांच्या बाजारात एडगरच्या हातावर हात मारून म्हणाला होता, "नदीकाठचं कुरण पुढल्या सालीही तुमचंच." मी तिथंच उभी होते. आता थंडीसाठी गवत कुठून आणू? साठच्या साठ मेंढ्या विकू?

एडगरला सांगितलं. नाताळापासून अंथरुणाला खिळलाय माझा नवरा. "जाऊ दे गं," एवढंच म्हणाला.

सोमवार, ६ मार्च

वरच्या खोलीतली आमची भाडेकरू, पोलंडची बोझेना, इंग्रजी शिकतेय. ऐकलेलं सगळं वहीत उतरवते. "मार्जरीबाई, 'हातावर ठरलं' म्हणजे काय?"

"म्हणजे कागद लागत नाही." मग म्हटलं, "खोड ते. लागत नव्हता, असं लिही."

"आणि जॉसबद्दल तुम्ही म्हणालात, 'त्याला किती वाजले तेही सांगणार नाही' — घड्याळ नसतं म्हणून?"

हसावं की रडावं! तेवढ्यात फाटकाशी जॉस. टोपीला हात लावून — "काय मार्जरी, बरी आहेस ना?" मी पाठ फिरवली.

"कळलं आता?" बोझेनाला विचारलं. तिने लिहून घेतलं.

बुधवार, ८ मार्च

जॉस दारात. "एडगरला बघायला आलोय," म्हणे! तोंड वर करून येतो मेला. दार लावून घेतलं.

रविवार, १२ मार्च

चर्चमध्ये प्रार्थनेनंतर सगळे एकमेकांचा हात हातात घेतात, "शांती असो" म्हणतात. जॉसने हात पुढे केला. मी माझे दोन्ही कोटाच्या खिशात घातले — सगळ्यांदेखत! म्हाताऱ्याचा चेहरा पडला. काय बोलणार? चोरच तो!

बरं वाटलं मला. खरंच बरं वाटलं.

मंगळवार, १४ मार्च

एडगरनेच जानेवारीत जॉसला बोलावून त्या शब्दातून मोकळं केलं होतं. वर शपथ घातली, "मार्जरीला कळता कामा नये." आपल्यामागे मी मेंढ्या विकून बहिणीकडे जावं, म्हणून. आज स्वतःच सांगितलंन्. "तू ऐकली नसतीस," म्हणाला.

त्रेचाळीस वर्षं संसार केला याच्याशी. जॉसला विचारलं. मला नाही.

वर न्यायचं त्याचं सूप निवतंय. मी अजून खालीच बसलेय.