परकराची गोधडी

माय, तुला जाऊन इतकी वर्षं झाली, की तुझा आवाज आठवायचा म्हटलं तर आधी तुझं रागावणंच कानात येतं. काल नातसुनेनं एक रंगीत गोधडी विकत आणली. मशीनवर शिवलेली, तिकोनी तुकड्यांची. "आजी, किती छान आहे ना!" म्हणाली. मी हात लावून बघितलं, हो म्हटलं आणि उठून आत गेले. तिला काय सांगणार? तुला सांगते, कारण त्या दिवशी तिथे तूच होतीस.

सेलूचं आपलं घर. अप्पांचं कापडाचं दुकान, पण लढाईमुळं कपडा कंट्रोलात गेलेला, आणि दुकानदाराच्याच घरात नवं लुगडं दिसत नव्हतं. दादाला हैद्राबादला शिकायला पाठवायचं ठरलं होतं; घरात सगळं बोलणं त्याचंच. मी चौथीत. माझा धड परकर एकच, जांभळा, मामानं पोखर्णीच्या जत्रेतून आणलेला. शाळेला तोच. मी आडावरून पाणी घेऊन येते, तर तू चुलीपाशी कात्री घेऊन बसलेली आणि पुढ्यात माझ्या परकराचे चौकोन, एकावर एक नीट रचलेले. घागर मी कशीबशी खाली ठेवली.

"माय, हे काय करायलीस? मी शाळेला काय घालू?"

तू वर पाहिलंही नाहीस. "आता कुठली शाळा? दादाला गोधडी लागती. बस इथं, सुई घे."

माझी शाळा बंद झाल्याचं मला असं कळलं. दोन दिवसांनी शाळेच्या बाई घरी आल्या. "पोरगी लय हुशार हाय, सातवीपर्यंत तरी राहू द्या," म्हणाल्या. तू त्यांना पाटावर बसवलंस, गूळ-पाणी दिलंस आणि हसत म्हणालीस, "तिला काय तहसीलदार व्हायचंय?" बाईही थोडं हसल्या. मी दाराआड होते. त्यांचं हसणं मला तुझ्यापेक्षाही लागलं.

शिकवलंस मात्र मन लावून. जांभळा चौकोन कोपऱ्यातून कोपऱ्यात तिरपा कापायचा, अप्पांच्या जुन्या धोतराचा पांढराही तसाच. एक जांभळा आणि एक पांढरा तिकोन तिरप्या बाजूनं जोडला की दुरंगी चौकोन होतो. असे चार, प्रत्येक पाव फेरा फिरवून लावला की मधे भिंगरी उमटते. तिरपा कपडा ओढला तर लांबतो, म्हणून तो ओढायचा नाही, नुसता धरायचा. एका जोडाची शिवण इकडं मोडायची, दुसऱ्याची तिकडं, नखानं दाबायची, म्हणजे मधे गाठ येत नाही. माझ्या पहिल्या भिंगरीची टोकं जुळली नाहीत, तेव्हा तू एका झटक्यात शिवण उसवलीस. "नवऱ्याच्या घरी असंच करशील तर लोक मला नावं ठेवतील." पुन्हा शिवली, पुन्हा उसवलीस. माझ्या बोटांना सुया टोचून टोचून पांढऱ्या कापडाला डाग पडले, ते तू साबण लावून काढलेस आणि कापड पुन्हा माझ्याच हातात दिलंस. एका दुपारी मात्र तू जोडावरून अंगठा फिरवलास आणि म्हणालीस, "जुळलं." तेवढंच. त्या एका शब्दासाठी मी बाकीची सगळी गोधडी शिवली, माझ्याच परकराची, न रडता. ह्याचा राग मला तुझ्यापेक्षा माझाच जास्त येतो.

दादा गाडीत बसला तेव्हा गोधडी त्याच्या वळकटीत होती. तू पदर डोळ्यांना लावून उभी. मी फलाटावरच्या पाटीवरचं गावाचं नाव वाचत होते, कारण वाचायला दुसरं काही उरलं नव्हतं.

मग रझाकारांची धामधूम वाढली. परीक्षा न देताच दादा परत आला, आणि पुढं कधी गेलाच नाही; अप्पांच्या शेजारी दुकानात बसला. आला त्या दिवशी तू त्याची वळकटी सोडलीस आणि विचारलंस, "गोधडी कुठाय रे?"

"पोरं हसायची माय. फकिराची झोळी म्हणायची. पाणक्याला देऊन टाकली."

मी भाकरी थापायले होते. हात थांबला. मला वाटलं, आता तू त्याला काहीतरी बोलशील. निदान माझ्याकडं बघशील. तू म्हणालीस, "बरं केलंस. उगं कशाला ओझं," आणि त्याच्या ताटात तूप वाढलंस. जेवणं झाल्यावर मला म्हणालीस, "दुसरी शीव त्याला. ह्या येळंला चांगली."

"मी शिवणार न्हाई."

"लेकीच्या जातीला एवढा ताठा बरा न्हाई."

बरा नव्हताच. त्याच उन्हाळ्यात मला पालमला दिलंस. निघताना माझ्या सामानात तू सुईदोरा ठेवलास. मी सासरी पोचल्यावर तो जावेला दिला आणि पुन्हा कधी एक तुकडा दुसऱ्याला जोडला नाही. फाटलेले कपडे दुसऱ्यांनी शिवले. लोक मला आळशी म्हणाले.

पालमहून मी तुला पत्रं लिहायची, आठवतं? चार इयत्तांपुरतं लिहिता येत होतं. तुला वाचता येत नव्हतं. दादा तुला ओसरीवर बसून मोठ्यानं वाचून दाखवायचा. म्हणून प्रत्येक पत्रात एकच, इकडे सर्व खुशाल, काळजी नसावी. पहिली दोन वर्षं मी खुशाल नव्हते, माय. पण ते दादाच्या तोंडून तुला ऐकू जायला नको होतं. तू माहेरपणाला बोलवायचीस तेव्हा विचारायचीस, "बरी हाईस ना?" आणि उत्तराची वाट न बघता चुलीकडं वळायचीस. तुला माहीत होतं की नव्हतं, हे मला अजून ठरवता येत नाही.

आता दादाही नाही. वाचून दाखवणारं कुणी उरलं नाही, म्हणून तर एवढं लिहिता आलं. हे कुठं पाठवायचं नाही, कुणाला दाखवायचं नाही. तरी आज कागद घेऊन बसले तेव्हा सवयीनं हातानं पहिली ओळ लिहिलीच, इकडे सर्व खुशाल. ती खोडायला मला बराच वेळ लागला.